‘नंतरचे’ म्हणजे कोणते? : नस्खची संकल्पना आणि आपली वाचनबुद्धी

१

काही काळापूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्राला जाण्याचा योग आला. विषय ‘संहिता आणि संदर्भ’ असा होता. सकाळच्या सत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तासभर उत्तम विवेचन केले. संहितेतील वाक्य कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, कोणत्या प्रसंगी बोलतो हे पाहिल्याविना अर्थनिर्णय करू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता. दुपारी जेवताना ओघाने कुराणाचा विषय निघाला. तेव्हा हेच प्राध्यापक म्हणाले, “त्यात वाचण्यासारखे काय आहे? शांततेच्या आयती आधीच्या, तलवारीच्या नंतरच्या. नंतरच्यांनी आधीच्या रद्द केल्या. त्यांच्याच शास्त्रात तसे लिहिले आहे. विषय संपला.” शेजारी बसलेले एक तरुण प्राध्यापक लगोलग उत्तरले, “सर, कुराणात काहीही रद्द झालेले नाही. ही पाश्चात्त्य अभ्यासकांनी उठवलेली आवई आहे.”

मी गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

ज्या कल्पनेबद्दल हे दोघे बोलत होते तिला अरबीत ‘नस्ख’ म्हणतात. रद्द करणारे वचन ते ‘नासिख’ आणि रद्द झालेले ते ‘मन्सूख’. इस्लामी धर्मशास्त्रात या विषयावर हजार-बाराशे वर्षे ग्रंथरचना होत आली आहे. म्हणजे ‘असे काही नाहीच’ हे दुसऱ्या प्राध्यापकांचे विधान उघड चुकीचे आहे. पण पहिल्यांचे विधानही तितकेच चुकीचे, आणि माझ्या मते अधिक हानिकारक आहे. कारण ते ज्ञानाच्या आवाजात केले जाते. दोघांचाही व्यवसाय वाचनाचा आहे. एकाने ‘नंतरचे’ या शब्दावर येऊन वाचन संपवले, दुसऱ्याने ते सुरूच होऊ दिले नाही. कोणत्याही कवितेच्या बाबतीत यांपैकी एकानेही असे केले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे : नस्ख ही वाचकांनी घडवलेली अर्थनिर्णयाची पद्धत आहे. तिला इतिहास आहे, व्याख्यांचे भांडण आहे, मोजदादीचे चढउतार आहेत. ‘त्यांच्या शास्त्रात लिहिले आहे’ असे म्हणणाऱ्याने त्या शास्त्रात नेमके काय आणि किती प्रकारांनी लिहिले आहे हे पाहणे त्याच्या स्वतःच्या शास्त्राला धरून आहे.

२

आरंभ शब्दापासून करू. ‘न-स-ख’ या धातूचे अर्थ दोन टोकांचे आहेत : पुसणे, दूर करणे हा एक, आणि उतरवून घेणे, नक्कल करणे हा दुसरा. हस्तलिखिताच्या प्रतीला उर्दूत ‘नुस्खा’ म्हणतात आणि हकिमाच्या चिठ्ठीलाही तेच नाव आहे. अरबी लेखनाच्या ज्या सुवाच्य वळणात कुराणाच्या प्रती पुष्कळदा लिहिल्या व छापल्या जातात, त्या वळणाचे नावही नस्खच. एकच शब्द लिहिण्यासाठीही आणि पुसण्यासाठीही, ही गोष्ट साहित्याच्या माणसाला थबकवणारी आहे.

कुराणात हा धातू चारच ठिकाणी येतो. ७:१५४ मध्ये तो मूसाच्या फलकांवरील लेखनाबद्दल आहे. ४५:२९ मध्ये माणसांची कृत्ये नोंदवून ठेवण्याबद्दल आहे. २२:५२ मध्ये सैतानाने प्रेषितांच्या मनोरथांत घातलेली भेसळ ईश्वर पुसून टाकतो, असा संदर्भ आहे. उरले २:१०६. नस्खच्या सिद्धान्ताचा मुख्य आधार हे एकच स्थळ. आशय असा की, ईश्वर एखादी ‘आयत’ रद्द करतो किंवा विसरायला लावतो, तेव्हा तिच्याहून चांगली किंवा तिच्यासारखी दुसरी देतो. ‘रद्द करणे’ हा शब्द न वापरता जवळपास असाच आशय १६:१०१ मध्ये येतो. तेथे एका आयतीच्या जागी दुसरी आणल्याची भाषा आहे.

आता अडचण पाहा. ‘आयत’ या शब्दाचा कुराणातील अर्थ ‘ग्रंथातील वचन’ एवढाच नाही. खूण, संकेत, चमत्कार, ईश्वरी निदर्शन अशा अर्थांनी तो तेथे वारंवार येतो. २:१०६ च्या मागेपुढे मदिनेतील यहुदी व ख्रिस्ती यांच्याशी चाललेला वाद आहे. मग येथे रद्द होते ते काय? कुराणातलेच आधीचे वचन, की पूर्वीच्या ग्रंथांतील विधान? दहाव्या शतकातील अबू मुस्लिम अल-इस्फहानी या भाष्यकाराने दुसरा पर्याय घेतला आणि कुराणाच्या आत नस्ख नाही असे प्रतिपादन केले. त्याचे मत अल्पसंख्य राहिले. पण ते आपल्यापर्यंत पोचले आहे, कारण फख्रुद्दीन अर-राझी (मृत्यू १२१०) याच्यासारख्या मोठ्या भाष्यकाराने आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली.

आणखी एक. या आयतीतील ‘विसरायला लावतो’ या क्रियापदाचे परंपरामान्य पाठभेद आहेत. एक उच्चार ‘नुन्सिहा’, म्हणजे विसरायला लावतो. दुसरा ‘नन्सअ्हा’, म्हणजे लांबणीवर टाकतो. दोन्ही पाठ मान्यताप्राप्त पठणपरंपरांतले आहेत. एका स्वराने ‘विस्मरण’ आणि ‘स्थगिती’ यांत फरक पडतो. या फरकापायी विसाव्या शतकात एका माणसाला काय मोजावे लागले ते पुढे येईलच.

३

नस्खची कल्पना निराधार आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. काही ठिकाणी संहिताच तिची मागणी करते. ५८:१२ मध्ये प्रेषितांशी खाजगीत बोलण्यापूर्वी दानधर्म करण्याची आज्ञा आहे आणि लगेच पुढच्या आयतीत ती शिथिल झाली आहे. ८:६५ मध्ये वीस धीरवंत दोनशेंना भारी पडतील असे प्रमाण आहे. ८:६६ मध्ये ईश्वराने तुमचे ओझे हलके केले असे सांगून ते प्रमाण शंभरास दोनशे असे खाली येते. मद्याबद्दल २:२१९, ४:४३ आणि ५:९० या क्रमाने नापसंती, मर्यादा आणि मनाई असा प्रवास दिसतो. सुमारे २३ वर्षांच्या काळात, बदलत्या समाजाला उद्देशून जे वचन येत राहिले, त्यात असे बदल नसते तरच नवल.

परंतु विधवेच्या प्रतीक्षाकाळाचे उदाहरण घ्या. २:२४० मध्ये विधवेला वर्षभर निर्वाह द्यावा आणि घराबाहेर काढू नये असे म्हटले आहे. २:२३४ मध्ये चार महिने दहा दिवसांचा प्रतीक्षाकाळ आहे. बहुसंख्य शास्त्रकारांच्या मते २:२३४ ने २:२४० रद्द केली. आकडे पुन्हा पाहा : ग्रंथात जी आधी आहे तिने नंतरचीला रद्द केले आहे! कारण कुराणातील सूरांची मांडणी कालानुक्रमी नाही. स्थूलमानाने ती मोठ्याकडून लहानाकडे जाते, आणि एकाच सूरेत वेगवेगळ्या काळांतील आयती असू शकतात. कोणती आयत कधी अवतरली हे ग्रंथ सांगत नाही. ते सांगतात अवतरणप्रसंगांच्या आख्यायिका, हदीस आणि भाष्ये, आणि आधुनिक काळात विद्वानांनी लावलेले क्रम. थिओडोर नोल्डेके या जर्मन पंडिताने १८६० मध्ये शैलीच्या आधारे एक क्रम लावला. १९२४ च्या कैरो आवृत्तीने परंपरेच्या आधारे सूरांच्या शीर्षस्थानी अवतरणक्रम छापला. हे दोन्ही क्रम सर्वत्र जुळत नाहीत.

म्हणजे ‘नंतरचे’ हे संहितेने दिलेले तथ्य नव्हे, वाचकाने काढलेला निष्कर्ष आहे. तो बरोबर असू शकेल, पण तो सिद्ध करावा लागतो. आमच्या प्राध्यापकांनी तो गृहीत धरला.

विधवेच्या या प्रकरणात दोन जुन्या नोंदी मोठ्या बोलक्या आहेत. बुखारीच्या हदीससंग्रहात असा प्रसंग आहे की, इब्न झुबैर याने खलिफा उस्मानला विचारले : ही आयत रद्द झालेली असताना आपण ती प्रतीत का राहू दिली? उस्मानचे उत्तर असे की, मी कोणतीही गोष्ट तिच्या जागेवरून हलवणार नाही. संपादनशास्त्राच्या वर्गात सांगावा असा हा प्रसंग आहे. दुसरी नोंद मुजाहिद या फार जुन्या भाष्यकाराची. त्याच्या मते दोन्ही आयती लागू आहेत : चार महिने दहा दिवस बंधनकारक आणि वर्षाचा उरलेला काळ विधवेच्या इच्छेवर. ज्याला बहुतेकांनी विरोध मानले, ते त्याने एका स्त्रीचा वाढीव हक्क म्हणून वाचले. विरोध दिसतो तेथे तो खरोखर आहे का, हे आधी तपासावे लागते ते यासाठी.

४

आता संख्या. ‘अमुक इतक्या आयती रद्द झाल्या’ असे आकडे आपल्याकडे फार सहज फेकले जातात. अकराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या हिबतुल्लाह इब्न सलामा याच्या यादीत दोनशेहून अधिक मन्सूख आयती आहेत. पंधराव्या शतकातील जलालुद्दीन सुयूती याने ही संख्या विसाच्या आसपास आणली. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) याने आपल्या ‘अल-फौझ अल-कबीर’ या फारसी ग्रंथात सुयूतीची यादी एकेक करून तपासली आणि पाचच आयती शिल्लक ठेवल्या : २:१८०, २:२४०, ८:६५, ३३:५२ आणि ५८:१२.

दोनशे, वीस, पाच. या काळात कुराण बदलले नाही. बदलली ती ‘नस्ख’ची व्याख्या. शाह वलीउल्लाहने, आणि त्याच्याही आधी चौदाव्या शतकातील अंदलुसी शास्त्रकार शातिबी याने, हे स्पष्ट केले आहे की पहिल्या पिढ्यांतील लोक ‘नस्ख’ हा शब्द फार सैलपणे वापरत. सामान्य नियमाला अपवाद सांगितला, संदिग्ध वचनाचा खुलासा झाला, व्यापक विधानाला मर्यादा पडली, तरी ते त्याला नस्खच म्हणत. पुढच्या शास्त्रकारांनी या प्रकारांना वेगवेगळी नावे दिली आणि नस्ख हा शब्द केवळ पूर्ण रद्दबातल होण्यापुरता राखला. तेव्हा जुनी संख्या आणि नवी व्याख्या एकत्र करून ‘दोनशे आयती रद्द’ म्हणणे म्हणजे जुन्या शेरांतले वजन किलोत वाचण्यासारखे आहे.

शाह वलीउल्लाह हा काही मवाळ, सर्वधर्मसमभावी गृहस्थ नव्हता. मराठी वाचकाला तो पानिपतच्या संदर्भात ठाऊक असतो. मराठ्यांचा बीमोड करण्यासाठी अहमदशहा अब्दालीला हिंदुस्थानात येण्याचे आवाहन करणारे त्याच्या नावावरचे पत्र प्रसिद्ध आहे. त्याच माणसाने मन्सूख आयतींची यादी पाचांवर आणली. म्हणजे नस्ख कमी मानणारा तो उदार आणि जास्त मानणारा तो कडवा, हे सोपे समीकरणही टिकत नाही. वलीउल्लाहने यादी छाटली ती कोणाला खूश करण्यासाठी नव्हे, तर वचनांचा मेळ बसत असेल तेथे ती रद्द मानण्याचे कारण नाही या शास्त्रीय शिस्तीतून. त्याच्या राजकारणाशी माझे काडीचेही सख्य नाही, पण वाचनाची ही शिस्त मला त्याच्याकडून शिकावीशी वाटते.

५

‘तलवारीची आयत’ म्हणून ओळखली जाणारी ९:५ ही या वादाची खरी युद्धभूमी. काही जुन्या याद्यांत या एका आयतीने १२४ आयती रद्द केल्या असे म्हटले आहे : क्षमेच्या, संयमाच्या, ‘त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ दे’ अशा आशयाच्या. आमच्या प्राध्यापकांचे विधान याच परंपरेचे तुटक ऐकीव रूप आहे. ही परंपरा खरी आहे, हे आधी मान्य करतो. मध्ययुगीन शास्त्रकारांच्या एका प्रभावी प्रवाहाने या आयतीला निर्णायक स्थान दिले, आणि विस्तारणाऱ्या सत्तांना ते सोयीचे होते. विसाव्या शतकात इजिप्तमधील अब्द अस-सलाम फरज याने सादात यांच्या हत्येमागील गटासाठी जी पुस्तिका लिहिली, तिच्यातही याच युक्तिवादाचा आधार घेतला आहे. हत्या १९८१ ची. फरजला १९८२ मध्ये फाशी झाली. तेव्हा ‘असे कोणी म्हणतच नाही’ हा बचाव करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा.

पण परंपरा एवढीच आहे काय? पहिली गोष्ट, शेजार. ९:४ मध्ये ज्यांनी करार पाळला त्यांना वगळले आहे. ९:६ मध्ये अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्यावा आणि त्याला सुरक्षित स्थळी पोचवावे अशी आज्ञा आहे. मधली आयत उचलून तिच्या दोन्ही बाजूंच्या आयती टाकून देणे, याला आपण साहित्याच्या वर्गात काय म्हणतो?

दुसरी गोष्ट, दिशा. ४७:४ मध्ये युद्धकैद्यांना उपकार म्हणून सोडावे किंवा खंडणी घेऊन सोडावे असे आहे. ९:५ आणि ४७:४ यांपैकी कोणी कोणाला रद्द केले? जुन्या भाष्यकारांत कतादा याच्या मते तलवारीच्या आयतीने कैद्यांच्या सुटकेची आयत रद्द केली. दह्हाक आणि सुद्दी यांच्या मते कैद्यांच्या सुटकेच्या आयतीने तलवारीची आयत रद्द केली. त्याच दोन आयती, तीच संकल्पना, उलट निकाल. एवढेच नव्हे, १२४ आयती रद्द करणाऱ्या या आयतीच्या शेवटच्या भागाने तिचाच पहिला भाग रद्द केला, असे मतही या शास्त्राच्या ग्रंथांत नोंदवलेले आहे.

तिसरी गोष्ट, २:२५६. धर्मात सक्ती नाही या आशयाची ही आयत रद्द झाली असे म्हणणारे होते. परंतु तबरी (मृत्यू ९२३) हा भाष्यकारांचा अग्रणी ते नाकारतो. दोन वचने कोणत्याही रीतीने एकत्र नांदू शकत नसतील तेव्हाच नस्ख मानावा, ही त्याची कसोटी. आणि त्याच्या मते ही आयत विशिष्ट समूहांपुरती आहे, पण लागू आहे. तबरीचे हे उत्तर आजच्या अर्थाने उदारमतवादी नाही, हे लक्षात ठेवावे; त्याने मुभेला मर्यादाही घातली. पण ‘विषय संपला’ असे तो म्हणत नाही. दहाव्या शतकात तो संपला नव्हता, तो आपण जेवणाच्या टेबलावर संपवतो.

दुसऱ्या, तरुण प्राध्यापकांसाठीही एक अवघड प्रश्न आहे. शास्त्रकारांनी नस्खचे तीन प्रकार मानले : नियम रद्द पण वचन शिल्लक, वचन आणि नियम दोन्ही रद्द, आणि वचन रद्द पण नियम शिल्लक. तिसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे व्यभिचाराबद्दल दगडांनी ठार मारण्याची शिक्षा. ती आजच्या कुराणात नाही; २४:२ मध्ये शंभर फटके आहेत. परंतु अशी आयत पूर्वी होती, या खलिफा उमरच्या नावावरील कथनाच्या आणि हदीसच्या आधारे ती शिक्षा बहुसंख्य शास्त्रकारांनी कायम ठेवली. ग्रंथात नसलेल्या वचनाच्या बळावर माणसे मारली जाऊ शकतात, हे ज्या संकल्पनेने शक्य केले तिला ‘पाश्चात्त्यांची आवई’ म्हणून झटकून टाकता येत नाही. सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) यांनीही कुराणातील नस्ख नाकारला. पण त्यांनी तो भाष्य लिहून, आयतींना सामोरे जाऊन नाकारला. नाकारण्याचा अधिकार वाचून मिळवावा लागतो.

६

येथे कोणी म्हणेल, ही अरबांची भांडणे. आपल्याला त्यांचे काय? मला तर यात आपल्या घरचेच प्रश्न दिसतात. दोन सूत्रांचा विरोध आला तर ‘पर’ सूत्र बलवान, असा पाणिनीचा नियम व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. आता ‘पर’ म्हणजे काय? ग्रंथात पुढे येणारे, असा रूढ अर्थ. पण त्याने सर्व उदाहरणे सुटत नाहीत म्हणून पतंजलीने ‘पर’ म्हणजे ‘इष्ट’ असा अर्थ लावून पाहिला. २०२२ मध्ये केंब्रिजमधील ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाने ‘पर’ म्हणजे शब्दरूपात उजवीकडे येणाऱ्या घटकाला लागू होणारा नियम, असा तिसरा अर्थ मांडला आणि विद्वानांत नवा वाद सुरू झाला. दोन हजारांहून अधिक वर्षे ‘नंतरचे म्हणजे कोणते’ हा प्रश्न आपल्याकडेही सुटलेला नाही, आणि तेथे तर पणाला केवळ शब्दांची रूपे आहेत.

धर्मशास्त्रात पाहा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात काही श्लोकांत नियोगाला परवानगी आहे आणि लगेच पुढच्या श्लोकांत त्याची निंदा आहे. निबंधकारांनी हा विरोध युगभेदाने सोडवला. नियोग, समुद्रप्रवास वगैरे गोष्टी ‘कलिवर्ज्य’ ठरवल्या. वचन ग्रंथात शिल्लक, पण आचरणातून रद्द. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. तो वाचताना आपण असे म्हणत नाही की, ‘त्यांच्याच शास्त्रात लिहिले आहे, विषय संपला’. आपण म्हणतो, समाज बदलला, वाचणाऱ्यांनी ग्रंथाशी वाटाघाट केली, आणि त्या वाटाघाटीतून काही सुटले तसे काही जखडलेही. काण्यांना दिलेली ही समज तबरीला नाकारण्याचे कारण काय?

७

आता त्या स्वरभेदाकडे येतो. सुदानमधील महमूद मुहंमद ताहा हे व्यवसायाने अभियंते होते. १९६७ साली त्यांनी ‘इस्लामचा दुसरा संदेश’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे : मक्केतील आयती सर्व माणसांना उद्देशून आहेत, त्यांत स्वातंत्र्य आणि समता हा मूळ संदेश आहे. सातव्या शतकातील समाजाला तो पेलवला नाही, म्हणून मदिनेत त्या काळापुरते कायदे आले. मक्केतील आयती मेल्या नाहीत. त्या लांबणीवर पडल्या. आता विसाव्या शतकात त्यांची वेळ आली आहे, आणि मदिनेतील कायदेच मागे सरले पाहिजेत. ‘नन्सअ्हा’, लांबणीवर टाकतो, या पाठात त्यांना आपला आधार दिसला. नस्खची संकल्पना त्यांनी टाकली नाही, तिची दिशा उलटी केली.

ताहांचे वाचन मला पूर्णपणे पटत नाही. मक्का म्हणजे सगळे उदात्त आणि मदिना म्हणजे सगळे तात्कालिक, ही विभागणी संहितेला फार नीटनेटकी पडते. शिवाय सक्ती नाही म्हणणारी २:२५६ ही आयत मदिनेतलीच मानली जाते. पण तो आपला वाद झाला, आणि वाद घालायला माणूस जिवंत लागतो. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमैरी यांनी लागू केलेल्या धार्मिक कायद्यांविरुद्ध ताहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रक काढले. खटला झाला, अपील न्यायालयाने धर्मद्रोहाचा ठपका ठेवला, आणि पंचाहत्तरीच्या या वृद्धाला १८ जानेवारी १९८५ रोजी खार्तूममध्ये जाहीर फाशी देण्यात आली. तीन महिन्यांच्या आत निमैरींची सत्ता गेली. १९८६ मध्ये सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला. येथे रद्द झालेला निकाल मात्र कशाचीच भरपाई करू शकत नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्याच व्यवसायातले. नस्र हामिद अबू झैद (१९४३–२०१०) कैरो विद्यापीठात अरबी साहित्य शिकवत. कुराणाकडे संहिता म्हणून पाहणाऱ्या १९९० च्या ग्रंथात त्यांनी नस्खला महत्त्वाचे स्थान दिले. त्यांच्या दृष्टीने वचन आणि वास्तव यांच्यात संवाद होता याचा तो सर्वांत ठळक पुरावा. १९९५ मध्ये न्यायालयाने त्यांना धर्मभ्रष्ट ठरवले आणि त्यामुळे त्यांचा विवाह मोडीत काढला. त्यांच्या पत्नी इब्तिहाल युनिस फ्रेंच साहित्याच्या प्राध्यापक होत्या. दोघे देश सोडून हॉलंडमधील लायडनला गेले.

आता ते जेवणाच्या टेबलावरचे वाक्य पुन्हा आठवा : नंतरच्यांनी आधीच्या रद्द केल्या, विषय संपला. ताहांना फासावर चढवणाऱ्यांची आणि या वाक्याची वाचनपद्धती एकच आहे. खरा इस्लाम कोणता हे ठरून गेले आहे, निराळे वाचणारा एक तर भाबडा किंवा द्रोही, हे दोघांचेही गृहीतक. इस्लामवर टीका करण्याच्या आवेशात आमचे सुसंस्कृत सर नकळत त्या न्यायालयाच्या बाकावर जाऊन बसतात. फरजची पुस्तिका हाच खरा इस्लाम असे त्यांनी जाहीर केले, की ताहा, अबू झैद, आणि अर्थात तबरीही, त्यांच्या लेखी खोटे ठरतात. कट्टरांना याहून अधिक काय हवे असते?

८

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. हमीद दलवाई यांचा वारसा सांगणारे मित्र म्हणतील : आयतींची उठाठेव करायचीच कशाला? दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांनी मौलवींशी आयतींच्या संख्येवर हुज्जत घातली नाही. समान नागरी कायदा मागितला. स्त्रीचा हक्क कोणती आयत आधीची आणि कोणती नंतरची यावर टांगून ठेवायचा काय?

नाही, ठेवायचा नाही. नागरिकाचा हक्क संविधानातून येतो, भाष्यातून नव्हे. याबाबत माझी भूमिका दलवाईंचीच आहे. उद्या नस्खचा अत्यंत उदार अर्थ सर्वमान्य झाला, तरी कायद्याचा पाया म्हणून तो मला नको. पण कायदा कशावर उभा करावा हा एक प्रश्न, आणि ग्रंथ कसा वाचावा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्यात वाटेल ते बोलण्याची सूट मिळत नाही. आणि आपण, या पानाचे वाचक-लेखक, कायदे करीत नाही. आपण वर्गात उभे राहून मुलांना वाचायला शिकवतो. त्या वर्गात मुस्लिम मुले-मुलीही बसलेली असतात. आपल्या सरांनी सगळ्या जगाचे साहित्य संदर्भासह शिकवले आणि फक्त आपल्या घरातल्या ग्रंथापाशी येऊन संदर्भ मिटवला, हे त्यांच्या ध्यानात येत नसेल असे ज्याला वाटते त्याने विद्यार्थ्यांकडे नीट पाहिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. ‘संहिता आणि संदर्भ’ शिकवताना एखाद्या तासाला २:२३४ आणि २:२४० या दोन आयती फळ्यावर मांडाव्यात. शेजारी नियोगाचे ते परस्परविरोधी श्लोक मांडावेत. मग विद्यार्थ्यांना विचारावे : यांतले आधीचे कोणते, हे तुम्ही कशावरून ठरवले? विरोध कोठे आहे? तो टाळता येतो का? येत असेल तर कोणाच्या हिताचा अर्थ लागतो आणि कोणाच्या अहिताचा? उत्तरे निरनिराळी येतील. येऊ द्यावीत. त्या सरांना पुढच्या चर्चासत्रात भेटलो, तर एवढेच विचारीन : सर, सकाळी जे सांगितलेत ते दुपारी का रद्द केलेत?